हात शेकणाऱ्या पेटीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, आधी ती बोटं बाहेर काढा. माझ्या तोंडात हात घालून खिदळायला मी काही जत्रेतला खेळ नाही. मी जुनी आहे, पिवळी पडले आहे, एका कोपऱ्याला तडा गेला आहे, हे तुम्हाला दिसतंच आहे. मघाशी तुमच्यातल्या एकीने विचारलं, "ही कासवाची पेटी आहे का?" आणि तुम्हाला दवाखाना दाखवत फिरणाऱ्या त्या तरुण डॉक्टरने काय उत्तर दिलं? "असेल काहीतरी जुनंपानं." असेल काहीतरी! या मजल्यावरचे मोठेमोठे डॉक्टर माझ्या जिवावर मिरवले, आणि आज माझी ही किंमत. म्हणून आता मीच बोलते. गोड बोलायची मला सवय नाही, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म याच दवाखान्याच्या तळघरातल्या कारखान्यात झाला. अमेरिकेतल्या या विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात तळी अशी गोठतात की लोक त्यांच्यावर गाड्या नेऊन उभ्या करतात आणि बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात. त्या थंडीत बिचाऱ्यांचे हात शेकायला मला बनवलं असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! माझं काम त्याहून फार जोखमीचं होतं. मिस्त्रीने जाड पारदर्शक प्लास्टिकच्या फळ्या कापल्या, चिकटवल्या, मागे गरम हवेचा पंखा बसवला, आत थर्मामीटर टांगला. राहिलं फक्त पुढचं तोंड, हात आत घालायचं. ते केवढं कापायचं हे विचारायला त्याने वर निरोप धाडला, तर डॉक्टर हॅल्वर्सन स्वतः खाली आले. ते या सगळ्या कामाचे मुख्य. उंच, आडवे, पंजा फावड्याएवढा. त्यांनी बाही वर सारली, मनगट फळीवर टेकवलं आणि म्हणाले, "घ्या माप. माणसाचं मनगट एवढंच असतं."

मिस्त्रीने पेन्सिल फिरवली. झालं माझं तोंड तयार. पुढची सगळी भांडणं त्याच तोंडातून बाहेर पडली.

आता माझं काम ऐका, आणि नीट ऐका, कारण मी दोनदा सांगत नाही. आपल्या रक्तात साखर असते. ती फार उतरली तर मेंदू उपाशी पडतो, माणूस बरळतो, कोसळतो, मरतोसुद्धा. म्हणून शरीर त्याआधीच बोंब ठोकतं. ॲड्रेनलिन नावाचा रस रक्तात सुटतो, काळीज धडधडतं, हात लटपटतात, घाम फुटतो. माणूस समजतो, की चला, काहीतरी गोड खा. ही बोंब किती मोठी उठते ते हॅल्वर्सनना मोजायचं होतं. त्यासाठी माणसाला खाटेवर निजवायचं, एका हातातून इन्शुलिन आणि साखरेचं पाणी सोडायचं, आणि विहिरीत बादली सोडावी तशी साखर हलकेच खाली उतरवून एका पातळीला धरून ठेवायची. दुसऱ्या हातातून सारखं रक्त काढून बघायचं.

पण हाताच्या शिरेतून परत येणाऱ्या रक्तातली थोडी साखर हातानेच वाटेत खाल्लेली असते. ते रक्त मोजलं तर साखर खऱ्यापेक्षा कमी दिसते. तोच हात माझ्या आत घालून चांगला शेकला, की रक्त असं भरभर धावतं, की हाताला खायला सवडच मिळत नाही. मग मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात साखर खरी किती, ते कळतं. थोडक्यात, खरं-खोटं करायचं काम माझं होतं. मी नसते तर डॉक्टरसाहेब नुसते अंदाजपंचे ठोकत बसले असते.

किती हात शेकले म्हणून सांगू! डॉक्टरकीची पोरं आली, फुटबॉल खेळणारे दांडगे आले, सैन्यातून सुटून आलेले आले. साखर उतरली की सगळे घामाने निथळायचे, थरथरायचे, एखादा शिव्या हासडायचा. हॅल्वर्सन माझ्या झाकणावर थाप मारून म्हणायचे, "शाबास, म्हातारे!" तेव्हा मी म्हातारी नव्हते, पण तरी बरं वाटायचं. जगभर त्यांचे लेख छापून आले. त्यांत लिहिलेलं असायचं, मानवी शरीर असं करतं, मानवी शरीर तसं करतं. आणि मानवात बाई? एकसुद्धा नाही. कुणी विचारलंच तर हॅल्वर्सन हात झटकायचे. "बायकांचं महिन्याचं चक्र मध्ये येतं. आकडे नासतात." जणू दुधात लिंबूच पिळतात बायका!

मग इथे डॉक्टर प्रुइट आली. मिसिसिपीकडची, ठेंगणी, बारीक हाडाची. बोलणं संथ, पण लागायचं ते थेट मिरचीसारखं. ती हॅल्वर्सनच्या हाताखालीच कामाला होती आणि दर आठवड्याला त्यांच्याशी भांडायची. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "आण तुझ्या बायका. तोंडघशी पडशील तेव्हा मला सांगू नकोस." अशी परवानगी मिळाली आणि पहिली बाई आली, व्हरीना झुंब्रून, सगळ्यांची व्हरी. तिच्यासोबत तिचा थोरला भाऊ वर्नर. दोघांनाही लहानपणापासून मधुमेह, दोघंही इन्शुलिनवर. खोलीत पाऊल टाकलं तेच मुळी भांडत.

ती स्विस वस्तीतली माणसं. बापाने मागे ठेवलेला चीजचा छोटा कारखाना दोघं मिळून चालवायची. तांब्याची ही मोठी कढई, तिला खालून वाफ, आणि वाफेची चावी कढईशी उभा राहील त्याच्या हातात. आत दूध फुटलं, की तारांच्या चौकटीने त्याचा चक्का कापायचा आणि कोपरापर्यंत हात घालून बघायचा, झाला का, की अजून थांबायचं. हे हाताने बघणं व्हरीला जमायचं तसं आसपासच्या गावांत कुणाला जमत नव्हतं. हे मला वर्नरच्याच तोंडून कळलं, आणि तेही त्याने शिवी दिल्यासारखं सांगितलं.

गोष्ट अशी झाली होती, की व्हरी कढईशीच बेशुद्ध होऊन पडली होती. साखर उतरली आणि तिला पत्ताच लागला नाही. ना घाम, ना थरथर. कपाळ कढईच्या काठावर आपटलं. चार बोटं इकडे पडली असती तर तापलेल्या वाफेच्या नळावर. त्या दिवसापासून वर्नरने कढईच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवली.

"घाम फुटतो, हात लटपटतात, छातीत ढोल वाजतो," तो प्रुइटला सांगत होता. "गाढवालाही कळेल, डॉक्टर! हिला कळत नाही म्हणजे हिचं लक्षच नाही."

"लक्ष नाही?" व्हरी उसळली. "अरे, मी डोळे मिटून सांगते चक्का कुठवर आलाय ते!"

"डोळे मिटूनच पडलीस ना कढईशी?"

"पडले! मुद्दाम पडले का?"

"ते मला ठाऊक नाही. सोमवारपासून कढईशी दुसरा माणूस येणार. तू दुकानात बस. नक्षीचं जाकीट घाल, केसांच्या वेण्या घाल, आणि पर्यटकांना चीज वीक. छान दिसशील."

पर्यटकांपुढे मिरवायच्या त्या जुन्या स्विस जाकिटाचं नाव निघताच तिचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता ही त्याच्या कानाखाली वाजवते. मित्रांनो, एवढीच तिची मागणी होती. कढईशी उभं राहायचं. तिथून उठवून तिला बाहुलीसारखी दुकानात मांडून ठेवणार होते, आणि वर म्हणणार होते, की तुझीच चूक.

प्रुइटने विचारलं, "काम करताना मध्येच बोट टोचून साखर बघत नाही का तुम्ही?"

दोघं एका सुरात म्हणाली, "छे!" एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं. बापाचा नियम होता, दुधाजवळ रक्त नको. टोचलेलं बोट कढईत जायचं नाही, म्हणजे नाही. काम संपेपर्यंत दोघंही अंग काय सांगतं त्याच्या भरवशावर राहायची. वर्नरचं अंग ओरडून सांगायचं. व्हरीचं अंग गप्प बसायचं.

पहिल्या दिवशी सकाळी वर्नर खाटेवर निजला. त्याचा हात माझ्या तोंडात अगदी गच्च बसला, हॅल्वर्सनचाच धाकटा भाऊ शोभावा असा. साखर ठरल्या पातळीला आली आणि सुरू झाला तमाशा. कपाळावरून घाम ओघळला, दात वाजायला लागले, नाडी घोड्यासारखी धावली. ग्लॅडिस नावाची नर्स रक्त काढत होती, ती सारखी त्याचं कपाळ पुसत होती. आणि वर्नर दात विचकत बहिणीकडे बघून म्हणतो कसा, "बघ! याला म्हणतात साखर उतरणं. शिक!"

दुपारी व्हरी निजली. तिचं मनगट बारीक. माझ्या तोंडात हात गेला आणि भोवती एवढी फट उरली, की त्यातून अजून एक हात गेला असता. साखर त्याच पातळीला आणली. मी वाट बघत होते. काही नाही! कपाळ कोरडं. बोटं स्थिर. नाडी किंचित वाढली, बास. प्रुइटने विचारलं, "कसं वाटतंय?" तर म्हणते, "थोडी भूक लागलीय. बाकी ठीक." मग तिला शंभरातून सात-सात उणे करत जायला सांगितलं. दोन-तीन आकडे बरोबर आले. मग ती थांबली, छताकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "गाईंना विचारा." प्रुइटने ताबडतोब साखरेचं पाणी वाढवलं.

आणि तिचा भाऊ? कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून म्हणतो, "पाहिलंत? झोपा काढते." त्या वेळी मला हात असते ना मित्रांनो, तर मी त्यालाच शेकून काढलं असतं.

एवढ्यात हॅल्वर्सन आले. त्यांनी कागद बघितले, मग माझा थर्मामीटर बघितला. तो खाली आलेला होता. त्यांनी पंजा माझ्या तोंडासमोर धरला. फटीतून गरम हवा भसाभसा बाहेर येत होती.

"पेटी गळते," ते म्हणाले. "हात नीट शेकलाच नाही. म्हणजे तुम्ही मोजलंत ते खोटं. खरी साखर एवढी उतरलीच नव्हती. मग शरीर कशाला ओरडेल?"

"मग ती बरळली कशी?" प्रुइटने विचारलं.

"घाबरली असेल. किंवा..." त्यांनी व्हरीकडे तिरक्या नजरेने पाहिलं, "काही लोकांना आजारपण आवडतं."

पेटी गळते! मी? आयुष्यभर यांचं खरं-खोटं केलं, आणि आज मी खोटारडी? मान्य, हवा जात होती. थर्मामीटर उतरला होता, तोही मान्य. माणूस हुशार होता, त्याची शंका खोटी नव्हती. पण फट कुणामुळे होती? मला ते तोंड कुणी दिलं? व्हरी खोटी, मी फुटकी, आणि माप देणारा तेवढा शहाणा! माझ्या पंख्याचा असा काही घरघराट झाला, की ग्लॅडिसने येऊन बटण बंद केलं.

व्हरी एव्हाना उठून बसली होती. रंग गेलेला, पण डोळे चांगलेच पेटलेले. "गळते तर तोंड बांधा की तिचं," ती म्हणाली. "त्याला काय लागतं?" तिने येताना वॉर्डातल्या लोकांसाठी चीजचा तुकडा आणला होता, चक्का बांधायच्या फडक्यात गुंडाळून. तिने चीज टेबलावर ठेवलं आणि फडकं माझ्यावर फेकलं. "उद्या हे बांधा आणि पुन्हा करा. दोघांचंही करा. नाहीतर हा जन्मभर मला ऐकवत बसेल."

"मी?" वर्नर हसला. "मी शंभर वेळा घाम काढून दाखवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरीच्या मनगटाभोवती ते फडकं घट्ट गुंडाळलं. चक्का बांधणाऱ्या बाईने बांधलेलं ते, त्यातून वाफसुद्धा सुटायची नाही. हॅल्वर्सन माझ्या शेजारीच उभे राहिले. दर थोड्या वेळाने पंजा पुढे धरायचे, थर्मामीटर बघायचे. थर्मामीटर जागचा हलला नाही. हात माझ्या आत भाकरीसारखा गरम. साखर पुन्हा त्याच पातळीला आली, आता खरीखुरी. आणि व्हरीचं कपाळ? कोरडं. बोटं? स्थिर. नाडीने कालच्यासारखीच किंचित मान वर केली, तेवढीच. आकडे मोजता मोजता ती पुन्हा मध्येच थांबली.

मी म्हटलं, आता बोल की, फावड्या!

हॅल्वर्सननी थर्मामीटर पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाले, "एक बाई म्हणजे पुरावा नव्हे."

"अगदी खरं," प्रुइट म्हणाली. "आणि शून्य बायका म्हणजे काय असतं, डॉक्टर?"

ग्लॅडिसच्या हातातलं भांडं खाली पडलं. पण हॅल्वर्सन खोलीतून गेले नाहीत.

दुपारी वर्नर मोठ्या ऐटीत येऊन निजला. "या, बसा सगळे. आज कालच्यापेक्षा भारी खेळ होईल." हात माझ्या तोंडात गच्च बसला, फडक्याची गरजच नव्हती. साखर उतरत गेली. कालच्या जागी आली. ग्लॅडिस रुमाल घेऊन तयार उभी होती. पण पुसणार काय? कपाळ कोरडं ठणठणीत. नाडी संथ. हात दगडासारखा स्थिर.

"कसं वाटतंय?" प्रुइटने विचारलं.

"झकास! सुरू तर करा."

"सुरू होऊन बराच वेळ झाला, वर्नर. साखर कालच्याच जागी आहे."

"काहीतरीच! मला कळत नाही का? तुमचं यंत्र बिघडलंय. ही पेटी भंगार आहे." मग तो प्रुइटला काहीबाही बोलला, ते तुमच्यासारख्या मुलांसमोर मी सांगणार नाही. प्रुइटने साखरेच्या पाण्याकडे हात नेला, तेवढ्यात त्याचे डोळे फिरले. "वाफ बंद करा!" तो ओरडला. "दूध करपतंय! व्हरी, वाफ! अगं, चावी फिरव!" आणि उठायला म्हणून त्याने हाताला असा हिसका दिला, की मी टेबलावरून घसरले आणि धाडकन फरशीवर आपटले. हा तडा दिसतो ना, तो त्या दिवसाचा.

हॅल्वर्सन आणि ग्लॅडिस दोघांनी त्याला धरलं, पण तो बैलासारखा रेटत होता. तेव्हा व्हरी पुढे झाली. दोन दिवस जिला त्याने वाटेल ते ऐकवलं होतं, तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "बंद केली वाफ," ती म्हणाली. "केली बंद, वर्नर. दूध चांगलं आहे. नीज तू." तो तिच्याकडे बघत राहिला आणि हळूच खाली निजला. प्रुइटने तोवर साखरेचं पाणी मोकळं सोडलं होतं.

थोड्या वेळाने तो भानावर आला. "सगळे असे काय बघताय? सुरू करा ना."

मग त्याने खाली माझ्याकडे पाहिलं. "हिला कुणी पाडलं?"

"तू," व्हरी म्हणाली. "काल माझी साखर उतरली तशी आज तुझी उतरली. तुलाही कळलं नाही. वाफेच्या चावीला धावला होतास. वर्नर, अरे, आपण कढईशी असतो तर?"

प्रुइट म्हणाली, "मला भीती होतीच. काल एकदा साखर इतकी उतरली, की आज अंग तेवढं ओरडत नाही. वाटतं, पुरुषांत हे जास्त होत असावं. बायकांचं अंग मुळातच हळू ओरडतं, पण दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज तितका बसत नाही. रक्ताचे अहवाल आले, आणखी माणसं तपासली, की नक्की सांगेन."

"म्हणजे मी बरा नाही आणि हीही बरी नाही, असंच ना?" वर्नर चिडून म्हणाला.

"म्हणजे अंगाच्या भरवशावर दोघांनीही राहू नका."

व्हरीने डोळे पुसले. मग ती उठली, भावाच्या कोटाच्या खिशात हात घातला, कुलपाची किल्ली काढली आणि आपल्या खिशात टाकली. "सोमवारपासून तू दुकानात बस," ती म्हणाली. "नक्षीचं जाकीट घाल. छान दिसशील."

ग्लॅडिस तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली. वर्नर लालबुंद झाला. प्रुइटने बजावलं, "तासभर निजून राहा," तेव्हा कुठे तो निजला. आणि तास संपताच दार आपटून निघून गेला. बहिणीची क्षमा मागणं? नाव नको. काही माणसांच्या जिभेला तो शब्द उचलतच नाही.

बर्फ वितळल्यावर दोघं परत आली, अहवाल ऐकायला. येताना वाटेतही भांडलेलीच होती, गाडी कुणी चालवायची यावरून. अहवालात प्रुइटचं म्हणणं खरं निघालं. व्हरीचं ॲड्रेनलिन पहिल्या दिवशी थोडंसंच वाढलं होतं, दुसऱ्या दिवशीही जवळपास तेवढंच. वर्नरचं पहिल्या दिवशी डोंगराएवढं, दुसऱ्या दिवशी पार ढेपाळलेलं. मधल्या काळात माझा तडा चिकटवून माझ्यात आणखी हात घातले होते, मधुमेह नसलेल्या ठणठणीत बायकांचे आणि पुरुषांचे. पहिला ठणठणीत हात प्रुइटने स्वतःचा घातला. एकूण हिशेब तोच आला. प्रत्येक बाईचं असंच होतं असं नाही, प्रत्येक पुरुषाचं तसंच होतं असंही नाही, हे ती सगळ्यांना बजावून सांगायची. पण फरक होता, आणि इतकी वर्षं तो माझ्या तोंडाशी उभा असून कुणी आत घेतला नव्हता.

त्या दिवशी प्रुइटचं लक्ष वर्नरच्या कानाकडे गेलं. उजव्या पाळीवर बारीक काळसर ठिपके होते. "हे काय? डास चावले?"

"हिला विचारा," तो गुरगुरला.

व्हरीने केस मागे सारले. तिच्याही पाळीवर तसेच ठिपके. "बापाचा नियम बोटाचा आहे," ती म्हणाली. "कढईत कान कुणी बुडवत नाही. आता दारातच कान टोचायचा, साखर बघायची, पाळी पुसून डोक्याला टोपी बांधायची, मगच आत. काम लांबलं तर मध्ये बाहेर येऊन पुन्हा. साखर बरी असेल तो कढईशी."

"आणि नसेल तो?" प्रुइटने विचारलं.

वर्नर खिडकीबाहेर बघायला लागला. व्हरी म्हणाली, "ते जाकीट याला खांद्यात जरा घट्ट होतं."

हॅल्वर्सन दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी चूक कबूल केली का? नाही हो. त्यांनी फक्त तळघरात निरोप पाठवला, की नवी पेटी करा, रबरी तोंडाची, कुठल्याही मनगटाला बसेल अशी. पुढच्या लेखात त्यांनी लिहिलं, "जुन्या पेटीतील दोष दूर करण्यात आला." दोष माझा! नवी पेटीबाई टेबलावर आली आणि मला अडगळीत टाकलं. कुणी माझ्यात दिव्यांच्या माळा ठेवल्या, कुणी ओले बूट वाळत घातले. एका उन्हाळ्यात माझ्यात एक उंदीरही राहून गेला, आणि खरं सांगते, हॅल्वर्सनपेक्षा तो बरा होता. आता भिंतीशी मांडलंय, तर खाली चिठ्ठी चिकटवलीय, "जुनं उपकरण."

मित्रांनो, माझी धूळ पुसा अशी विनवणी मी करणार नाही. पुसलीत तर उपकार होतील, नाही पुसलीत तरी मी मरत नाही. मागणं एवढंच, की एखाद्याचं अंग ओरडलं नाही म्हणून त्याला काही झालंच नाही असं म्हणू नका. दुखणं सांगणाऱ्याला खोटं पाडायच्या आधी तुमची मोजपट्टी कुणाच्या मापाने कापली होती ते विचारा. आणि ज्याचं अंग आज मोठ्याने ओरडतं, त्यानेही तोरा मिरवू नये. उद्या ते गप्प बसेल.

ती कासववाली पोर कुठे गेली? ये इकडे. मघाशी ओरडले तुझ्यावर. तुझं मनगट अगदी काडीएवढं आहे, नाही का? आत कोपऱ्यात एक फडकं आहे बघ, कळकट झालंय, पण विणीला घट्ट आहे. ते आधी मनगटाला गुंडाळ. हं, असं. आता घाल हात.